शेऱ्याची जागा

पहिली गोष्ट, शर्वाणी, घड्याळाकडे बघायचं नाही.
दार ढकललंस की मनातल्या मनात मोज:
एक जवाहर मार्ग, दोन जवाहर मार्ग.
म्हणायला बरोबर एक सेकंद लागतो.
नमस्कार कितव्या जवाहर मार्गाला आला
तेवढं लक्षात ठेव, आणि
साड्यांकडे बघ.

नाव छातीवरच्या पट्टीवर असतं. एकदाच वाच.
दुसऱ्यांदा वाचलंस की त्यांना कळतं.
खरं गिऱ्हाईक वॉरंटीच्या अटी विचारत नाही,
ते म्हणतं, भिया, चलेगा ना?
तसंच विचार. मराठी घरी, रामबागेत.

हातात दुसऱ्या दुकानाची पिशवी हवी.
सियागंजातलं पाव किलो जिरंसुद्धा चालतं.
रिकाम्या हाताची बाई
काहीतरी शोधायला आल्यासारखी दिसते.

ट्रायल रूममध्ये फॉर्म भरू नकोस.
मी एकदा भरत होते, बाहेरून मुलगी म्हणाली,
दीदी, आ गया क्या?
म्हटलं, टाइट है. हातात नुसतं पेन.

स्वच्छतागृहाचा फोटो लागतो.
आपल्या शहराला स्वच्छतेचा तोरा आहे, माहितेय,
तरी वाकून नळाखाली बघ. आत कुणी नाही ना, हे त्याआधी.

काम देण्याआधी कुणी पैसे मागितले
तर फोन ठेवून दे. पैसे आपल्याला मिळतात,
कमी मिळतात, उशिरा मिळतात,
पण दिशा तीच.

आणि बिल. तो कागद उन्हात उडतो.
गाडीच्या डिकीत ठेवलेलं माझं एक बिल
मे महिन्यात कोरं झालं. साडेसहाशे रुपये.
पायरी उतरलीस की लगेच फोटो काढ,
पाटणीपुरा येईपर्यंत थांबू नकोस.

आता हे नीट ऐक, हे ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.

विजयनगरला बुटांचं दुकान होतं.
दीपेश मालवीय, नवीन, शर्टाच्या कॉलरला घडीची रेघ.
नमस्कार अकराव्या जवाहर मार्गाला. गुण शून्य.
स्टूल सोडून खाली फरशीवर बसला,
माझी टाच तळहातावर घेतली,
अंगठ्याच्या वाढलेल्या हाडाकडे बघितलं
आणि हळूच म्हणाला,
आंटी, ये मत लो. ये काटेगा.
मेरी मम्मी को भी ऐसा ही है.

प्रश्न सतरा: कर्मचाऱ्याने अधिक महाग वस्तू सुचवली का?
नाही.
प्रश्न अठरा: विक्री पूर्ण करण्याचा प्रयत्न केला का?
नाही.
खोटं लिहायचं नसतं. मी लिहिलं नाही.
खरेदी सक्तीची, म्हणून मोजे घेतले, नव्व्याण्णवचे.

खाली शेऱ्याची जागा असते, दोनशे अक्षरांची.
मी लिहिलं: याने माझा पाय पाहिला.
दिल्लीहून फोन आला, मॅडम,
शेऱ्यात निरीक्षण हवं, भावना नको.
म्हटलं, पाय पाहिला हे निरीक्षणच आहे.
पलीकडे कुणीतरी टाइप करत होतं.
मानधन पूर्ण आलं. तेच जास्त लागलं.

त्याच दुकानात तीन महिने जाता येत नाही, नियम आहे.
मग गेले. दुसरा मुलगा होता.
दोन जवाहर मार्गांत नमस्कार,
शिवाय पॉलिश, शिवाय सोल, सगळं सुचवलं.
शंभरपैकी सत्त्याण्णव दिले, द्यावेच लागले.
पायात आहेत ना, हेच ते.
हो, चावतात.

दीपेशचं विचारलं नाही.
विचारलं असतं तर ओळखले गेले असते,
असं मी स्वतःला सांगते. तू
त्या वेळी काय करशील ते तुझं तू बघ.

हां, बिलाचं राहिलं.
फोटो पाठवला तरी मूळ कागद टाकू नकोस.
डाळीच्या डब्यात, तळाशी, अंधारात ठेव.
हे बघ, दोन वर्षं झाली, अजून वाचता येतं:
मोजे, एक जोड.
आपली सेवा केली: दीपेश म.